बारा आणे वारा

शमिका गोरिवलेने पत्रकातला एक शब्द गाळला, आणि त्या एका शब्दापायी तिच्याच बापाचं कापलेलं भात मळ्यात भिजलं.

शब्द होता 'ठिकाणी'. हवामान खात्याच्या पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस'. म्हणजे पाऊस थोड्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपून काढेल. शमिकाला वाटलं, ही सरकारी भाषा लोकांच्या डोक्यावरून जाते, आपण सोपं करून सांगू. माइकसमोर बसून ती गोड आवाजात म्हणाली, "उद्या दुपारनंतर तुरळक पाऊस आहे मंडळी, काळजीचं कारण नाही."

दापोलीच्या त्या लहानशा सामुदायिक रेडिओ केंद्रावर ती दोन वर्षं फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम करत होती. हवामान सांगणारा सागर मुंबईला नोकरीला लागला, तेव्हा केंद्रप्रमुख दीपक शिगवण यांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं होतं. "आवाज चांगला आहे तुझा. नुसतं वाचून दाखवायचं," एवढंच त्यांनी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दापोलीत ऊन होतं. संध्याकाळी आईचा, काशीचा, फोन आला.

"सगळ्या वाडीनं आज भात कापलान गो," ती म्हणाली. "तू बोललीस म्हणून कापलान. दुपारी असा कोसळला की मळ्यात गुडघाभर पाणी. पेंढ्या तरंगतायत."

"बाबा कुठे आहेत?"

"इथंच बसलेत. तुझ्याशी बोलत नाय म्हणतात."

रावजी गोरिवले मुलीवर रागावले होते असं नाही. त्यांना वाडीत तोंड दाखवायची लाज वाटत होती. आपली मुलगी रेडिओवर बोलते हे त्यांनीच घरोघर सांगितलं होतं, आणि 'शमिका म्हणते पाऊस तुरळक आहे, कापा बिनधास्त' हेही त्यांनीच. शमिका रविवारी घरी गेली, तेव्हा अंगणात पसरलेल्या भाताला कोंब फुटले होते आणि कुबट वास सुटला होता. शेजारची सोनूबाई तिला पाहून घरात निघून गेली. दर रविवारी तिची वाट बघणारी बाई, पण त्या दिवशी ती ओटीवर थांबली नाही.

सोमवारी दीपक शिगवणांनी पत्रक तिच्यापुढे ठेवलं. "यापुढे जसंच्या तसं वाचायचं. काना-मात्रा बदलायची नाही."

"पण जसंच्या तसं कुणाला कळत नाही, सर."

"कळलं नाही तर दोष आपल्याकडे येत नाही," ते म्हणाले. त्या वाक्याने तिला बरं वाटलं नाही.

दीपक सरांनीच आणखी एक गोष्ट केली. त्यांच्या ओळखीच्या विमलाताई आंब्रे वेधशाळेत निरीक्षक म्हणून आयुष्यभर काम करून निवृत्त झाल्या होत्या आणि दापोलीतच राहत होत्या. त्यांच्याकडे शमिकाला रोज सकाळी पाठवायचं त्यांनी ठरवलं. विमलाताई उंच, सडपातळ, बोलायला तुसड्या. पहिल्या दिवशी त्यांनी शमिकाला चहासुद्धा विचारला नाही.

"भात किती भिजलं?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ सगळं."

"मग तुरळक ठिकाणीचा अर्थ मी तुला वेगळा सांगायला नको. काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, सर्वदूर. हे शब्द पावसाच्या जोराचे नाहीत, पसाऱ्याचे आहेत. जोराचे शब्द वेगळे. हलका, मध्यम, जोरदार, अतिजोरदार. लोक ऐकताना दोन्हीची गल्लत करतात. आपण सांगताना करायची नाही."

मग रोज तेच सुरू झालं. विमलाताई तिला पत्रक मोठ्याने वाचायला लावत आणि मध्येच थांबवून विचारत, "हे ऐकून तुझी आई काय करेल?" शमिका म्हणे, "मिरच्या वाळत घालेल." "आणि असं करणं बरोबर आहे?" "नाही." "मग परत सांग." कुठे, किती, केव्हा, आणि आपली खात्री किती, हे चारही आलं नाही तर त्या पुढे जाऊ देत नसत. उपग्रहाचं चित्र मोबाइलवर बघून शमिका कधी उत्साहाने म्हणाली की ताई, ढग आलाय, तर त्या म्हणत, "ढग आता कुठे आहे ते चित्र सांगतं. उद्या कुठे असेल ते सांगायला पोटाला चिमटा काढून शिकलेली माणसं खात्यात बसली आहेत. त्यांच्या पुढे पळू नकोस."

सगळ्यात अवघड गेली ती खात्री. 'शक्यता आहे' म्हटलं की ज्याला पाऊस नको असतो तो 'येणार नाही' असं ऐकतो, आणि ज्याला हवा असतो तो 'येणारच' असं ऐकतो. टक्के सांगितले तर वाडीवरची म्हातारी माणसं रेडिओ बंद करतात. शेवटी विमलाताईंनीच तोड काढली. "आण्यात सांग. सोळा आणे म्हणजे नक्की, आठ आणे म्हणजे होईल किंवा न होईल. हे अजून सगळ्यांच्या तोंडात आहे."

हे सगळं शिकत असतानाच शमिकाच्या मनात भीती घर करून बसली होती. पुन्हा कुणाचं नुकसान व्हायला नको, म्हणून ती पत्रकातले शब्द न बदलता वाची आणि शेवटी आपल्या पदरचं जोडी, "तरी सर्वांनी सावध राहा." क्षितिजावर चार ढग असले तरी सावध राहा. हर्ण्याच्या मच्छीमारांना तर ती रोजच सावध करत होती. ऐकणाऱ्यांनी आधी दोन दिवस बोटी किनाऱ्याला ठेवल्या. मग चिडले. मग ऐकेनासे झाले.

"हर्ण्याला जाऊन ये," विमलाताई म्हणाल्या. "ज्यांना सांगतेस त्यांची तोंडं एकदा बघ."

शमिका डोंगराआडच्या वाडीत वाढलेली. समुद्र तिने सहलीला पाहिला होता. हर्ण्याच्या पुळणीवर संध्याकाळी लिलाव चालू होता. बैलगाड्या पाण्यात कमरेएवढ्या शिरत होत्या, बोटीवरून टोपल्या उतरत होत्या, ओरडा चालला होता. तिने विचारत विचारत शरीफाखालाला गाठलं. शरीफाखाला या किनाऱ्यावरची जुनी बाई. नवऱ्यामागे बोट तिनेच चालती ठेवली होती, आणि आता तिचा मुलगा झैन त्या बोटीवर तांडेल होता. म्हणजे बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, केव्हा परतायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर.

"तूच काय ती सावध राहा म्हणणारी?" शरीफाखालाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस. बाय, आमी जन्मापासून सावधच हाव. ते तू सांगायला नको."

"मग काय सांगू?"

"तू म्हणतेस, वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर. माझ्या खलाशांना काय कळायचं त्यातनं? नांगर धरील का घसरील, ते सांग. आणि वारा येणार कुठनं, ते तर तू सांगतच नाय."

"दिशा?"

"दिशाच. उत्तरेचा वारा आला तर किल्ल्याच्या आडोशाला आमी पत्ते खेळत बसू. दक्षिणेचा आला तर या बंदराला आडोसाच नाय. एक बोट नांगरावर राहायची नाय. समदी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायला लागतात. आणि खाडीच्या तोंडाला गाळ हाय. भरती असली तरच बोट आत जाते."

पत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात वाऱ्याची दिशा रोज असायची. शेतकऱ्याच्या मुलीला तिचं काही वाटलं नव्हतं, म्हणून वेळ वाचवायला ती तेवढंच सोडून देत होती.

दापोलीला परतताना गाडीत तिला भात आठवलं. तेव्हा एक शब्द गळला होता. इथे तर ती रोज अख्खं वाक्य गाळत होती, आणि केवळ नशिबाने कुणी बुडालं नव्हतं.

त्यानंतर पंधरवड्याभराने तो बुधवार उगवला.

सकाळी आभाळ निळंभोर होतं. पत्रकात मात्र लिहिलं होतं की अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन किनाऱ्याजवळ सरकतंय. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळपासून दक्षिणेचा सोसाट्याचा वारा वाहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परतावं. शमिकाने ते दोनदा वाचलं. दक्षिणेचा. तिने लगेच शरीफाखालाला फोन लावला.

"खाला, आज भरती कधी आहे?"

"बाराच्या सुमाराला पुरं पाणी. दीड-दोनपर्यंत बोटी आत जातील. मग नाय. का गो?"

शमिकाने पत्रक वाचून दाखवलं.

"हितं तर ऊन पडलंय," शरीफाखाला म्हणाली. "कोण हलवणार बोटी? बांगडा लागलाय, समदी निघायच्या तयारीत हायत. संध्याकाळचं संध्याकाळी बघू म्हणतील."

"संध्याकाळी खाडीत पाणी असेल?"

"नाय," ती म्हणाली. आणि मग आवाज खाली गेला. "झैन काल गेलाय. लांब गेलाय."

शमिका पत्रक घेऊन दीपक सरांच्या खोलीत गेली. वारा संध्याकाळी येणार, पण खाडीचं दार दुपारीच बंद होणार, म्हणजे निर्णय आता घ्यायला हवा, हे लोकांना सांगायला पाहिजे, असं तिने घाईघाईत सांगितलं. सरांनी मान हलवली.

"पत्रकात खाडीचं नाव आहे? भरतीचं आहे? नाही. तू सांगायचं आणि पन्नास बोटी एकदम तोंडाशी जमल्या, एखादी गाळात रुतली, मग? आणि वारा आलाच नाही तर? भाताचं अजून विसरले नाहीत लोक."

"मीही विसरले नाही, सर. पण नुसतं 'संध्याकाळपासून' म्हटलं तर सगळे संध्याकाळपर्यंत थांबतील. तेव्हा त्यांना जागाच नसेल."

सरांनी कपाळ चोळलं. ते वाईट नव्हते. केंद्र चालवायचं म्हणजे परवाना सांभाळायचा होता. त्यांनी विमलाताईंना फोन लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"पत्रकातलं आहे ते पत्रकाचं म्हणून सांगू दे तिला," विमलाताई म्हणाल्या. "तिचं आहे ते तिचं म्हणून. दोन्हींची मिसळ करायची नाही. आणि आधी खात्याला विचारा, वारा दुपारीच येऊ शकतो का. बोटी खाडीच्या तोंडाशी असताना आला तर तुम्ही त्यांना मरायला पाठवलंत असं होईल."

खात्याचा फोन लागायला वेळ लागला. ड्यूटीवरचे अधिकारी तरुण आवाजाचे होते. दुपारी वारा वाढण्याची शक्यता फारच कमी आहे, ते म्हणाले. दिवस मावळण्याच्या थोडं आधी किंवा नंतर वाढेल असं दिसतंय.

"रुपयात किती आणे, सर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

ते क्षणभर गोंधळले, मग म्हणाले, "बारा आणे म्हणा. क्षेत्र पश्चिमेला वळलं तर वाचाल. पण माझी बोट असती तर मी हलवली असती."

दीपक सरांनी गाणं थांबवायची खूण केली.

शमिका माइकसमोर बसली. ती पहिल्यांदा हळू बोलली.

"हर्णे, पाजपंढरी, बुरोंडीच्या मंडळींनी हातातलं काम थांबवून ऐका. आधी हवामान खात्याचं सांगते, मग माझं सांगते. खातं म्हणतंय, आज संध्याकाळपासून दक्षिणेचा जोराचा वारा येणार. समुद्रात जाऊ नका. वारा येण्याची शक्यता किती, तर रुपयात बारा आणे. आता माझं. बाहेर ऊन आहे, मलाही दिसतंय. पण दक्षिणेच्या वाऱ्यात हर्ण्याला आडोसा नाही, आणि आंजर्ल्याच्या खाडीत बोट जाते ती दुपारच्या भरतीलाच. वारा दिसेल तेव्हा पाणी गेलेलं असेल. ज्यांना बोट हलवायची आहे त्यांनी वाऱ्याची वाट बघू नका, भरती बघा. आणि जी बोट बाहेर आहे, भरतीला पोचणार नाही, तिने आंजर्ल्याकडे येऊ नये. सरळ दाभोळच्या खाडीत जावं. तिथे पाणी खोल आहे."

दाभोळचं हे सकाळच्या फोनवर शरीफाखालाने सांगितलं होतं. झैनला वायरलेसवर तेच सांगायचं तिने ठरवलं होतं आणि सगळ्यांना सांग म्हणाली होती.

दर अर्ध्या तासाने शमिका तेच पुन्हा सांगत राहिली. हर्ण्याहून फोन येत होते. काही बोटी निघाल्या. मग आणखी. बाराच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी रांग लागली असं कुणीतरी कळवलं. त्याच वेळी रय्यानचा फोन आला. कुवेतला बरीच वर्षं काढून तो परत आला होता. गेल्याच वर्षी त्याने नवी बोट पाण्यात घातली होती, आणि ती भर बंदरात नांगरावर उभी होती. त्याचा फोन थेट प्रक्षेपणात घेतला गेला.

"ताई, बारा आणे-चौदा आणे राहू दे," तो म्हणाला. "मला एकच सांगा. वारा येणार का नाही? नक्की सांगा, आत्ता हलवतो."

'येणार' हा शब्द शमिकाच्या जिभेवर आला होता. एक शब्द बोलला की बोट हलणार होती. तिने काचेपलीकडे पाहिलं. दीपक सर उभे होते, पण त्यांनी कसलीच खूण केली नाही.

"नक्की मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "बारा आणे येणार. चार आणे येणार नाही."

"मग चार आणे माझे," रय्यान हसला. "नवी बोट आहे, गाळात घालून तिचा पंखा मोडून घ्यायचा नाही मला."

"तुमची मर्जी. पण बोट ठेवलीत तर माणसं खाली उतरवा. संध्याकाळी बोटीवर कुणी नको. एवढं तरी करा."

फोन बंद झाला.

भरती ओसरली. खाडीत गेल्या त्या बोटी आत राहिल्या, बाहेरच्या बाहेर. तीन वाजले तरी ऊन तसंच होतं. आंब्याचं पान हलत नव्हतं. चारनंतर फोन यायला लागले ते वेगळे. कुठाय तुमचा वारा? आजचा बांगडा गेला, त्याचं काय? एकाने नुसतं 'तुरळक पाऊस, काळजीचं कारण नाही' असं तिच्या आवाजाची नक्कल करून ऐकवलं आणि फोन ठेवला. शमिकाने प्रत्येक फोन घेतला. दीपक सर दोनदा आत येऊन गेले. वारा यावा असं तिला वाटायला लागलं, आणि त्या वाटण्याची तिला किळस आली. झैन बाहेर होता.

पाचच्या पुढे शरीफाखालाचा फोन आला.

"झैन वायरलेसवर बोलला. भरतीला पोचणार नव्हता, तर दाभोळकडे वळलाय."

"बरं झालं."

"दाभोळ दक्षिणेला हाय, बाय," शरीफाखाला म्हणाली. "वाऱ्याच्या तोंडावर चाललाय तो."

हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. वारा सुटायच्या आत पोचला तर पोचला. वाऱ्याने मध्येच गाठलं तर बोटीचं नाक वाऱ्यात घालून पुढे सरकायचं, किंवा माघारी वळायचं, आणि माघारी तर खाडी बंद.

"अजून वारा सुटलेला नाही, खाला."

"दक्षिणेला काळं दिसतंय," ती म्हणाली.

सूर्य बुडायच्या आधीच वारा आला. दापोलीत प्रथम खिडक्या आपटल्या, मग केंद्राच्या पत्र्यावर माडाची झावळी येऊन पडली, मग वीज गेली. इन्व्हर्टरवर प्रक्षेपण चालू ठेवून शमिका बोलत राहिली. बंदरावर जाऊ नका, होड्या ओढायला पाण्यात उतरू नका, लाटा वाढल्या आहेत. ती बोलत होती आणि मोबाइलच्या काळ्या पडद्याकडे बघत होती. शरीफाखालाचा फोन एकदाच आला. झैन उत्तर देत नव्हता. नंतर हर्ण्याचे फोन लागेनात. इन्व्हर्टर संपला तेव्हा दीपक सरांनी तिला आपल्या गाडीतून तिच्या भाड्याच्या खोलीवर सोडलं.

उजाडताच पहिल्या मिळेल त्या गाडीने ती हर्ण्याला गेली. वारा पडला होता. पुळणीवर फळ्या, दोर, फुटलेले थर्माकोलचे खोके पडले होते. ज्या बोटी बाहेर राहिल्या होत्या त्यांतल्या काही वाळूवर आडव्या झाल्या होत्या. रय्यानची नवी बोट किल्ल्याकडच्या खडकांवर कुशीवर पडली होती, पोटाला मोठं भगदाड. तिच्यावर कुणी नव्हतं. सगळी माणसं आदल्या संध्याकाळीच उतरवली होती.

शरीफाखाला पाण्याकडे तोंड करून बसली होती. शमिका तिच्या शेजारी वाळूत बसली. खालाने विचारलं नाही की तू का आलीस. पुळणीवर माणसं जमत होती, पण त्या दोघींच्या जवळ कुणी येत नव्हतं.

फोन आला तो शेजारच्या पोरीच्या, मनालच्या, मोबाइलवर. ती धावत आली. झैन दाभोळहून बोलत होता. तिथल्या धक्क्यावरच्या कुणाचा तरी फोन मागून घेतला होता. वाऱ्याने त्यांना दाभोळच्या तोंडाशीच गाठलं होतं. एका लाटेने केबिनमध्ये पाणी भरलं, वायरलेस गेला, आणि खाडीच्या आत जाईपर्यंत जीव मुठीत होता. पण सगळे आत पोचले होते.

शरीफाखालाने सगळं ऐकून घेतलं, फोन मनालला परत दिला आणि मग पदर डोळ्यांना लावला. डोळे पुसून ती शमिकाला म्हणाली, "दाभोळचं मी बोलले होते. तुझ्या नावावर नको घेऊ."

"रेडिओवर सांगितलं ते मी, खाला. आणि दक्षिणेचा वारा आहे हे मला माहीत होतं."

"मग पुढच्या वेळी दोघींनी ध्यानात ठेवू," ती म्हणाली.

रय्यान आठवड्याने दापोलीला केंद्रावर आला. तो भांडायला आलाय असं समजून दीपक सर बाहेर आले, पण तो शांत होता. दाढी वाढली होती. त्याने शमिकाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"तुम्ही नक्की येणार म्हणाला असतात तर मी बोट हलवली असती," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग का नाही म्हणालात?"

या प्रश्नावर ती रोज विचार करत होती. झोपताना करत होती, एसटीत करत होती.

"मला नक्की माहीत नव्हतं. खोटं नक्की सांगितलं असतं आणि वारा आला नसता, तर पुढच्या वेळी तुम्ही ऐकलं नसतं. तेव्हा माणसं बोटीवर असती."

"खलाशी उतरवले ते तुमच्यामुळे," रय्यान म्हणाला. "त्यांच्या घरचे मला तेच सांगतात. मला अजून बोटच दिसते, काय करू." मग तो उठला. बुरोंडीला त्याच्या भावाकडे तांडेल मंडळी जमतात, तिथे एकदा येऊन हे आण्यांचं नीट समजावून सांगाल का, असं त्याने विचारलं. "बारा आणे म्हणजे मी काय करायचं, हे मला कळलं नव्हतं. खरं सांगतो."

ती बुरोंडीला गेली. एकदा नाही, अनेकदा. पहिल्या खेपेला तासभर सगळे तिच्याशी वाद घालत बसले. एक म्हातारा तांडेल म्हणाला की माझ्या हाताचं पेरं दुखतं तेव्हा वारा येतो, तुमच्या खात्यापेक्षा ते बरं. ती त्याच्याशी वाद घालायला गेली नाही. पेरं दुखेल तेव्हाही पत्रक ऐका, एवढंच म्हणाली. आता रोजच्या हवामानात ती भरतीची वेळ सांगते, आणि ती कुठून घेतली हेही सांगते. शनिवारी शरीफाखालाशी फोनवर बोलते. विमलाताईंकडे सकाळचं जाणं चालूच आहे. अलीकडे तिथे चहा मिळतो.

डिसेंबरात आंब्याला मोहोर धरत असताना पत्रकात अवकाळी पावसाचा इशारा आला. शमिकाने पाऊस दहा आणे सांगितला. बागायतदारांनी घाईने फवारणी पुढे ढकलली, माणसं परत पाठवली, आणि पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजत होता. सखाराम नावाचे एक बागायतदार तर फारच संतापले होते. शमिकाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. उरलेले सहा आणे खरे ठरले, असं ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, "तुमचं नुकसान झालं, खरं आहे. उद्याचं सांगू का?"

सखाराम म्हणाले, "सांग."

ती पुढचं पत्रक उघडून वाचायला लागली.